स्टार पेटीला द्या, माणसाला नको

प्रश्न देवगड तालुक्यातून आलाय. थोडक्यात असा: बागायतदार आणि मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं यांचा थेट विक्रीचा व्हॉट्सॲप गट, सात वर्षांचा, साडेनऊशेच्या आसपास सभासद. आंबा, काजूगर, कोकम आणि हल्ली चार-पाच जण राहण्या-जेवणाची सोय करणारे. गेल्या मे महिन्यात एका पेटीवरून असा शिमगा झाला की तीनपैकी दोन ॲडमिन वैतागून बाहेर पडले. आता बैठकीत ठरलंय की प्रत्येक सभासदाला पाचपैकी स्टार द्यायचे आणि तीनच्या खाली जाईल तो गटाबाहेर. विचारलंय असं की गुण मोजायचे कसे, नियंत्रण कुणी करायचं, आणि उद्या कुणी पोलिसांत गेलं तर ॲडमिनच्या मानेला फास लागतो का.

मी राजापूरकडचा. चाळीसेक कलमं आहेत, आणि २०१३ पासून असे गट सांभाळतोय; आधी फेसबुकवर, मग व्हॉट्सॲपवर. स्टारांचा खेळ आम्हीही मांडून झालाय. तो कसा फसला ते आधी सांगतो.

आमच्या दुसऱ्याच हंगामात एकाने हौसेने एक शीट बनवली. बागायतदारांची नावं एकाखाली एक, समोर कुणीही यावं आणि एक ते पाच आकडा टाकावा. पहिले तीन आठवडे सगळे पाच. गाऱ्हाण्याला जसं मागून ‘होय महाराजा’ म्हणत जातात तसं एकाने पाच टाकले की खाली पाचांची रांग. मेच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाने फोटो टाकला. ताटात उभे कापलेले तीन आंबे, कोयीभोवतीचा गर पांढुरका, कापसासारखा. खाली एवढंच: ‘यांना एक स्टार. कुणी घेऊ नका.’

संध्याकाळपर्यंत त्या बागायतदाराच्या नावासमोर अकरा एक-एक पडले. रात्री त्याचा पुतण्या जागा झाला आणि वाडीतल्या चौदा जणांनी पाच-पाच टाकले. सकाळी दोन्ही बाजू एकमेकांच्या आईबापांवर आल्या होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो साका होता. साका बाहेरून दिसत नाही. साल पिवळीधमक, वास घमघमीत, दाबून पाहिलं तरी शंका येत नाही. सुरी लागली की आत भुसभुशीत, आंबट गर. झाडावर जास्त थांबलेल्या फळात तो जास्त सापडतो, तापलेल्या जमिनीची धग बसलेल्या फळात जास्त सापडतो. म्हणून फळ ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के तयार झालं की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढावं असं सांगतात. तरी पेटीत दोन-तीन निघतातच. (साका मुळीच नको असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला रत्ना आहे, १९८१ पासूनचा. पण चाकरमान्याला सांगून बघा, हापूस सोड आणि रत्ना घे म्हणून.)

म्हणजे जे दिसणंच शक्य नव्हतं त्याचा एक स्टार त्या माणसाच्या नावाला चिकटला. तो चिकटवणाऱ्या अकरांपैकी दहांनी त्याच्याकडून एक फळही घेतलेलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट तर कुणाला कळलीच नाही. त्याने दुसऱ्या दिवशीच्या गाडीने डोंबिवलीला एक डझन आंबे पाठवले होते, पैसे न घेता. गिऱ्हाईक खूश झालं, त्याला फोन करून तसं म्हणालंही. शीटमध्ये मात्र तो एक तसाच राहिला. उरलेली बाग त्याने दलालाला घातली, माल वाशीला गेला, आणि जूनमध्ये तो गटातून निघून गेला.

आम्ही शीट पुसून टाकली. पुढच्या हंगामात ठरलं की शेरा मारायचा तो पेटीवर, माणसावर नाही. आजही तेच चालू आहे आणि तुम्हालाही तेच सांगणार आहे.

करायचं काय, तर ज्याचा व्यवहार झाला त्यानेच बोलायचं. बागायतदाराने ऑर्डर घेतली की तिला नंबर द्यायचा, तो नंबर गिऱ्हाइकाला जातो, आणि फॉर्ममध्ये तो टाकल्याशिवाय उत्तर नोंदवलं जात नाही. साधा गूगल फॉर्म पुरतो. नंबर ऑर्डरवहीशी ताडून बघायला आमच्याकडे एक मुलगी आहे, बारावीनंतर रिकामी होती, तिला हंगामाचे पैसे देतो. ही ताडणी फुकटात कुणाच्या गळ्यात मारू नका; पंधरा दिवसांत थांबते.

फॉर्ममध्ये स्टार नाहीत, तीन प्रश्न आहेत. माल सांगितला तसा होता का? सांगितलेल्या दिवशी पोचला का? काही बिघडलं असेल तर भरपाई मिळाली का? उत्तर हो किंवा नाही, आणि खाली दोन ओळी लिहायला जागा. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आंब्यात साका निघणार, पेटी गाडीत आपटणार, एसटी घाटात अडकणार. अशा वेळी माणूस फोन उचलतो की नाही, हेच गिऱ्हाइकाला जाणून घ्यायचं असतं.

महिन्यातून एकदा गटात प्रत्येक बागायतदाराची एक ओळ जाते. अशी: ‘दोन हंगामांत ६४ पेट्या, तक्रारी ५, पाचही मिटल्या, त्यांतल्या ३ साक्याच्या.’ आता मला सांगा, ४.६ या आकड्यातून यातलं काय कळलं असतं? उलट ही ओळ वाचून एक पारल्याच्या वहिनी म्हणाल्या, की ज्याच्या नावावर एकही तक्रार नाही त्याच्यापेक्षा मी याच्याकडूनच घेईन. बाई हुशार.

तुमची बैठक म्हणेल की एवढं कोण वाचतं, आकडा हवाच. ठीक आहे, आकड्याचं बोलू.

पहिली अडचण भीडेची. आपल्याकडे ज्याच्याकडून पेटी घेतली त्याच्या मेहुण्याच्या लग्नात आपण पंगतीत वाढलेलं असतं. वाईट आकडा देणार कोण? माणूस गप्प बसतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून घेतो, आणि समोर भेटला की ‘यंदा आंबा खाल्लाच नाही, साखर वाढलीय’ म्हणतो. हे कोकणाचंच नाही. ऑनलाइन खरेदी-विक्रीचं ईबे १९९५ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे विकणाऱ्या-घेणाऱ्यांनी एकमेकांना शेरे द्यायची सोय झाली. १९९९ मधल्या व्यवहारांचा अभ्यास पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी केला, तेव्हा गिऱ्हाइकांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक चांगले निघाले; आणि जवळपास निम्म्यांनी शेरा दिलाच नव्हता. ते न बोललेले निम्मे म्हणजे आपले साखर वाढलेले. तिथे आणखी एक भानगड होती. मी वाईट दिला तर समोरचा उलट मलाही वाईट देईल, या धास्तीने लोक तोंड दाबून बसत. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्याला गिऱ्हाइकावर वाईट शेरा मारायची मुभाच काढून घेतली.

तुमच्या गटातल्या निवासवाल्यांना ही परतफेडीची भीती आंब्यापेक्षा जास्त नडेल, कारण तिथे दोघंही एकमेकांबद्दल बोलतात: पाहुणा म्हणतो चादर ओली होती, यजमान म्हणतो यांनी पडवीत रात्री दोनपर्यंत बाटल्या फोडल्या. राहायला घरं-खोल्या मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये यावर चांगला तोडगा काढला. दोघांनी लिहिलं की मगच दोन्ही शेरे एकदम उघडतात. एकानेच लिहिलं तर चौदा दिवसांची मुदत संपल्यावर उघडतो. समोरच्याने काय लिहिलंय ते बघून सूड उगवता येत नाही. तुम्ही हे हातानेही करू शकता: दोघांचे मेसेज नियंत्रकाकडे खाजगीत घ्या आणि एकत्र टाका. वर्षाला तीस-चाळीस बुकिंगं असतील तर काही जड नाही.

दुसरी अडचण सरासरीची. नव्या पोराने पहिली पेटी विकली आणि मावशीने पाच दिले, झाला तो पाच. वीस वर्षं आंबा काढणाऱ्याच्या साठ पेट्या, सरासरी ४.७. यादीत पोरगा वर! उलटं झालं तर आणखी वाईट: पहिल्याच पेटीत साका निघाला, एक मिळाला, आणि तुमच्या नियमाने तो पोरगा पहिल्याच आठवड्यात गटाबाहेर. यावर सोपा इलाज आहे. प्रत्येकाच्या खात्यावर सुरुवातीलाच पाच काल्पनिक पेट्या धरायच्या, त्यांचा गुण गटाच्या सरासरीएवढा. समजा गटाची सरासरी ४.२. पाच पेट्यांचे झाले २१. पोराचे पाच मिळवले, २६, भागिले सहा, ४.३३. जुन्याचे साठ पेट्यांचे २८२ मिळवले, ३०३, भागिले ६५, ४.६६. आता क्रम बरोबर लागला. पोराला एक मिळाला असता तर २२ भागिले सहा, ३.६७; धक्का बसला, पण बुडाला नाही. पेट्या वाढतील तसं काल्पनिक पाचांचं वजन आपोआप उतरतं. शीटमध्ये एका ओळीचं सूत्र आहे.

तिसरी गोष्ट हंगामाची, आणि इथे मला जरा सावकाश बोलायचंय, कारण खरी फसवणूक इथेच होते. मार्च-एप्रिलमध्ये माणूस स्वतःच्या कलमांचा आंबा देतो, नाव कमावतो. मेच्या शेवटी स्वतःचा माल संपतो, ऑर्डरी चालूच असतात, आणि मग बाहेरून आलेला आंबा त्याच पेटीत, त्याच गवतात, त्याच छापाखाली जातो. नाव एप्रिलमध्ये कमवायचं आणि मेअखेरीस खर्चायचं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. पण पेटी उघडल्यावर चाकरमान्याला फरक कळेलच असं नाही, आणि जुना ४.८ त्याला सांगतो की माणूस विश्वासाचा आहे. जितकं नाव मोठं तितकी ही वाट मोहाची. म्हणून आमच्या ओळीत शेवटच्या पंधरा दिवसांच्या पेट्या वेगळ्या दाखवतो, आणि बागायतदाराने हंगामाच्या सुरुवातीला कलमं किती, अंदाजे पेट्या किती ते सांगायचं असतं. ज्याने दोनशे सांगितल्या त्याच्या तीनशे वीस नोंदल्या गेल्या की नियंत्रक फोन करतो. फोनवर ‘भावाच्या बागेतला घेतला’ असं उत्तर आलं तर हरकत नाही, तसं पेटीवर लिही म्हणतो. दोघांनी तेव्हापासून खरोखर लिहिलं. एकाने फोन ठेवला.

गेल्या हंगामाचं वजन निम्मं करा, त्याआधीचं सोडून द्या. आणि आपत्तीचा काळ मोजूच नका. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा झाडावरचा आंबा जमिनीवर आला, वीज नाही, फोन लागत नाही. इकडे छपराची कौलं वेचायची की मुलुंडच्या पेटीला उशीर का झाला ते सांगायचं? आम्ही त्या पंधरवड्यापासूनच्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवल्या. दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, ती ऐकून घेतली.

गुणांची फिरवाफिरवी लोक करणारच. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं ठिकाण. तिथे कुणाच्या उत्तराला उणं मत दिलं की त्याचे दोन गुण जातात आणि देणाऱ्याचाही एक जातो. थोडीशी झळ स्वतःला बसली की माणूस विचार करून बोट उचलतो. आमच्याकडे याची नक्कल अशी: ‘नाही’ नोंदवायचं तर फोटो किंवा दोन ओळी लिहायच्याच, ‘हो’ला काही लागत नाही. तक्रारी कमी झाल्या नाहीत, पण नुसत्या रागाच्या गेल्या. स्लॅशडॉट नावाचं तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा करायचं जुनं ठिकाण आहे, तिथे सभासदाच्या गुणाला कर्म म्हणत. आकडा दिसायचा तेव्हा लोक तो वाढवायच्याच मागे लागले; मग त्यांनी आकडा लपवून ‘चांगलं’, ‘उत्तम’ असे शब्द ठेवले आणि वर पन्नासची मर्यादा घातली. तुम्ही आकडा काढलाच तर तो नियंत्रकापुरता ठेवा. गटात शब्द जाऊ दे.

आता नियंत्रण. दोन ॲडमिन बाहेर पडले याचं मला नवल वाटलं नाही, कारण तुमच्या लिहिण्यावरून तिघंही बागायतदार दिसतात. म्हणजे आंबेवाल्याच्या तक्रारीचा निवाडा आंबेवाला करणार. तो कितीही सरळ असो, गिऱ्हाइकाला तो तसा दिसणार नाही. तिघं ठेवा: एक बागायतदार, एक गिऱ्हाईक, आणि तिसरा ज्याला आंबा विकायचाही नाही आणि फारसा घ्यायचाही नाही. आमचा तिसरा माणूस निवृत्त पोस्टमास्तर आहे. आयुष्यभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, त्यामुळे जीभ आवरायची सवय आहे. असा शोधा.

ज्या भांडणात नियंत्रक स्वतः बोलला किंवा ज्यात त्याची भावकी आहे, त्यात त्याने निर्णय द्यायचा नाही. स्लॅशडॉटवर हे यंत्रानेच सांभाळलं जायचं: ज्या चर्चेत तुम्ही मतं नोंदवली तिथेच लिहायला गेलात की तुमची मतं रद्द. आपल्याकडे यंत्र नाही, तेव्हा ‘यात मी नाही’ एवढे तीन शब्द गटात टाकून बाजूला व्हायचं.

काही काढून टाकलं तर का काढलं याची नोंद ठेवा. विकिपीडियावर प्रचालकाने, म्हणजे तिथल्या ॲडमिनने, पान वगळलं किंवा सदस्याला रोखलं की तारीख, नाव, कारण, मुदत सगळं नोंदीत राहतं आणि कुणीही बघू शकतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथेही वाद कमी नाहीत, पण ‘कुणी आणि का’ याला उत्तर असतं. आमची नोंद साध्या वहीत आहे, पानाचा फोटो दर रविवारी गटात जातो. पहिल्या वर्षी लोकांनी मिटक्या मारत वाचला, आता कुणी बघतही नाही. चांगलंच आहे.

पोस्ट काढण्याआधी खाजगीत बोला. मी पाठवलेला एक मेसेज जसाच्या तसा देतो, कारण शब्दांनीच निम्मं काम होतं: ‘दादा, दुपारची तुमची पोस्ट काढलीय. दराबद्दलची तक्रार राहू दे, ती बरोबर असेल. पण चोर हा शब्द आणि त्यांच्या मुलीचा नंबर हे दोन्ही चालणार नाही. तेवढं गाळून परत टाका, मी स्वतः पिन करतो.’ त्याने गाळून टाकलं. मी पिन केलं. हे दुसरं केलं नसतं तर पहिल्याला काही किंमत नव्हती.

रात्री निवाडे करू नका. दहा ते सहा गट फक्त ॲडमिनसाठी उघडा ठेवण्याची सोय आहे, ती भांडण पेटलं की लावा. सकाळी लोक झाडावर असतात, नऊपर्यंत फोन खिशातून निघत नाही, तोवर निम्मं विझलेलं असतं.

तीनच्या खाली गेला की बाहेर, हा नियम मात्र कृपा करून करू नका. कोकणात वाळीत टाकणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. विहिरीवर कुणी बोलत नाही, लग्नाला कुणी येत नाही, पालखी दारावरून पुढे जाते. रायगडातली अशी प्रकरणं इतकी गाजली की शेवटी राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. व्हॉट्सॲप गटातून काढणं म्हणजे लगेच बहिष्कार नव्हे. पण ज्या गटावर माणसाचा निम्मा आंबा विकला जातो तिथून आकड्याच्या जोरावर त्याला काढायचं, आणि वर ‘याच्याकडून कुणी घेऊ नये’ असं लिहायचं, ही वाट त्याच गावाला जाते. ‘कुणी घेऊ नये’ हे वाक्य आमच्या गटात ॲडमिनलाही लिहायला बंदी आहे. ‘माझ्या पेटीत बारा आंबे खराब निघाले, सहा दिवस फोन उचलला नाही’, हे लिहा. वाचणाऱ्याला पुढचं कळतं.

आमच्या पायऱ्या अशा: आधी खाजगी शब्द, मग आठवडाभर विक्रीची पोस्ट नाही, मग तो हंगाम नाही. हंगाम संपला की आपोआप परत, विनवण्या करायला लागू नयेत. कायमचं बाहेर फक्त तिघांना काढलंय बारा-तेरा वर्षांत: एकाने आगाऊ पैसे घेऊन माल दिला नाही, तोही चौघांचा, एकाने बाईमाणसांना रात्री मेसेज केले, एकाने दुसऱ्याच्या नावाने खातं काढलं. या तिघांना पायऱ्या लावल्या नाहीत, त्याच दिवशी काढलं. काढल्यावर मात्र प्रत्येकाला स्वतःची बाजू सांगायला सात दिवस दिले होते. एकाने सांगितली, पटली नाही.

पोलिसांचं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलंय की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला कट दिसला पाहिजे. त्यामुळे फासाची भीती सोडा. पण तुम्ही स्वतः जे लिहाल, पिन कराल, ‘फसव्यांची यादी’ म्हणून फिरवाल, त्याचे धनी तुम्हीच. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि माणसाला नावानिशी एक स्टार देऊन खाली ‘चोर’ लिहिलेली यादी ॲडमिनच्या हातची असेल तर वकिलाला फार शोधावं लागत नाही. पेटीवर बोलण्याचा हाही एक फायदा. ‘या पेटीत तीन आंबे साक्याचे निघाले’ हे फोटोसकट सिद्ध करता येतं. ‘हा माणूस दोन स्टारचा आहे’ हे कसं सिद्ध करणार?

२०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियम आले तेव्हा त्यांत समाजमाध्यमांच्या मोठ्या-छोट्या कंपन्यांना तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायला सांगितलं होतं. ते आपल्याला लागू नाही, पण सवय चांगली आहे म्हणून आम्ही उचललं. पोच एका दिवसात, निकाल आठ दिवसांत, कारण पंधरा दिवसांत आंबा सडतो. तसंच भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९००० हे मानक काढलंय. ऐच्छिक आहे. शेरा देणारा खरा आहे का ते तपासा आणि विकतचे शेरे घेऊ नका, एवढे त्यातले दोन मुद्दे आपल्याला पुरे. पाच स्टार दिलेत तर पुढच्या पेटीत शंभर रुपये सूट, हे आपल्याकडेही सुरू झालंय. बंद करा.

तुमच्याकडे आधीच कुणी स्टार देऊन ठेवले असतील तर ते नव्या नोंदीत आणू नका. कुणी दिले, कधी दिले, घेऊन दिले की न घेता, यातलं काहीच कळत नाही. सगळ्यांना कोरी पाटी द्या. ज्यांचं नाव मोठं आहे ते रागावतील, ‘वीस वर्षांची पुण्याई शून्यावर आणली’ म्हणतील. त्यांना सांगा की दोन पंधरवड्यांत त्यांच्याच पेट्या सगळ्यांत जास्त दिसतील. गेलेल्या दोन ॲडमिनपैकी जो कमी चिडलाय त्याला परत बोलवा, पण ऑर्डर नंबर ताडायचं काम त्याला देऊ नका. फॉर्म फेब्रुवारीतच करून पाच-सहा काजूच्या ऑर्डरींवर चालवून बघा. मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघाल्या की फॉर्मातलं चुकलेलं दुरुस्त करायला कुणाला वेळ नसतो.